मागून काहीतरी वाजतंय

"मागून काहीतरी वाजतंय," असं आई पहिल्यांदा म्हणाली तेव्हा आम्ही साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे निघालो होतो. गाडी मी चालवत होते. शेजारच्या सीटवर बाबा, आणि आई मागे, डाव्या बाजूला, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन.

"डिकीत छत्री असेल," बाबा म्हणाले.

"रस्ता बघ ना कसलाय," मी म्हणाले आणि गाण्याचा आवाज जरा वाढवला.

गाण्याचा आवाज वाढवला, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे कित्येक महिने मी सगळ्यांना, आणि स्वतःलाही, सांगत होते की मला काही ऐकू आलं नाही.

आमच्या गाडीत आईची जागा मागे. अशी वाटणी कोणी बसून केलेली नाही. स्कूटर होती तेव्हा ती मागे बसायची, मला मांडीवर घेऊन. मग गाडी आली, तेव्हाही ती आपसूक मागचंच दार उघडून बसली. मी गाडी शिकल्यावर बाबा चालकाच्या सीटवरून शेजारच्या सीटवर सरकले, आई जिथे होती तिथेच राहिली. तुमच्या घरच्या गाडीतही पुढे कोण आणि मागे कोण हे एकदा आठवून बघा. बहुतेक घरांत त्याचं उत्तर ठरलेलं असतं आणि ते कोणी ठरवलं हे कोणालाच आठवत नाही.

गाडी नऊ वर्षांची, छोटी हॅचबॅक. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे गाडीची एक डायरी आहे. कोणत्या तारखेला किती लिटर पेट्रोल, तेव्हा मीटरवर किती किलोमीटर, टायरमध्ये हवा कधी भरली, सगळं निळ्या शाईत. आईचा आवाज काही त्या डायरीत चढला नाही. पण ती दर आठ-पंधरा दिवसांनी त्याची आठवण करून देत राहिली, तेव्हा एका रविवारी आम्ही डिकी रिकामी करायला घेतली. स्टेपनी, जॅक, पाना, दोन छत्र्या, एक रिकामा कॅन, आणि कुठल्याशा देवळातून आलेले दोन नारळ. त्यातला एक इतका वाळला होता की हलवला की आतून खुळखुळ वाजायचा. बाबांनी तो आईच्या कानाशी नेऊन वाजवला.

"हा घे तुझा आवाज."

"हा खुळखुळ वाजतोय," आई म्हणाली. "मी ठक म्हणाले होते."

आम्ही दोघं हसलो. आता वाटतं, त्या क्षणी त्या अंगणात नेमकं बोलणारं माणूस एकच होतं. खट, ठक, टक, खडखड, करकर, कुरकुर, खुळखुळ, घरघर: मराठीत आवाजांची ही केवढी तरी मोठी पेटी आहे आणि आपण ती लहान मुलांच्या गाण्यांसाठी राखून ठेवल्यासारखी वागवतो. खरं तर यातला प्रत्येक शब्द म्हणजे एक निदान आहे. खुळखुळ म्हणजे बंद जागेत काहीतरी सुटं आहे. करकर म्हणजे दोन गोष्टी एकमेकींवर घासतायत. चाकाचं बेअरिंग गेलं की घूं असा आवाज येतो आणि वेग वाढला की तो चढतो. ठक म्हणजे दोन जड गोष्टी एकदाच आपटल्या आणि लांब झाल्या. आईने तीस वर्षं शिलाई मशीन चालवलंय. सुई बोथट झाली की कापडात शिरताना तिचा आवाज बदलतो, हे तिला दिसायच्या आधी ऐकू येतं. बॉबिन केस नीट बसली नाही तर ती दुसऱ्या खोलीतून माझ्या मावशीला ओरडून सांगते. पण "तिला गाडीतलं काय कळतंय" हे वाक्य आमच्या घरात इतक्या सहज बोललं जायचं की ते वाक्य आहे हेही कळायचं नाही.

मग गाडी सर्व्हिसिंगला गेली. तिथल्या माणसाने व्यवस्थित ऐकून घेतलं, जॉब कार्डवर 'मागून आवाज येतो' असं लिहिलं, त्यांच्या कारागिराला शेजारी घेऊन स्वतः गाडी फिरवून आणली. चार स्पीडब्रेकर मुद्दाम घेतले. मग गाडी लिफ्टवर चढवून खालून टॉर्च मारून पाहिली. शॉकअप ठीक, बुश ठीक. संध्याकाळी कार्ड परत आलं, त्यावर शेरा होता: आवाज आढळला नाही.

बाबांनी तो कागद घरी येऊन आईला दाखवला. दाखवताना ते म्हणाले, "बघ, आवाज नाहीये."

तीन महिन्यांनी पुन्हा तेच झालं. तेच कार्ड, तोच शेरा. मधल्या काळात आईचा ईसीजीही काढून झाला होता, कारण ती अधूनमधून म्हणायची की चढ चढताना छातीत दडपल्यासारखं होतं, थांबलं की जातं. ईसीजी नॉर्मल आला. दोन कागद एकाच फायलीत गेले.

त्यानंतर आई आवाजाबद्दल बोलायची थांबली, आणि आम्ही समजलो की आवाज थांबला.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, म्हणजे माझी लाज पुरती कळेल. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. ग्राहक म्हणतो ॲप बंद पडतंय, डेव्हलपर म्हणतो माझ्या मशीनवर तर नीट चालतंय, आणि मी त्या दोघांच्या मध्ये उभी असते. 'माझ्या मशीनवर चालतंय' या वाक्यावर आमच्याकडे मीम आहेत, स्टिकर आहेत, एकाकडे तर मग आहे. मी स्वतः नवीन मुलांना शिकवते की ग्राहकाचा फोन कोणता, नेटवर्क कसलं, त्याने आधी काय दाबलं होतं, हे सगळं जसंच्या तसं उभं केल्याशिवाय 'बग नाही' असं लिहायचं नाही. हे मी सोमवार ते शुक्रवार शिकवायचे आणि शनिवारी साताऱ्याला जाऊन गाण्याचा आवाज वाढवायचे.

जूनमध्ये बोगद्याजवळ गाडी पंक्चर झाली. पाऊस होता. जवळच पत्र्याच्या शेडमध्ये एक गॅरेज होतं, साठीचे एक मिस्त्री आणि हाताखाली एक पोरगा. पंक्चर काढून झाल्यावर मिस्त्रींनी हात पुसत सवयीने विचारलं, "आणखी काय त्रास गाडीला?"

"नाही," बाबा म्हणाले.

"नाही," मीही म्हणाले.

मिस्त्रींनी मागच्या काचेकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही मागं बसता न्हवं? काय वाजतंबिजतं का? मागं बसणाऱ्याला जास्त कळतं."

आईने आधी बाबांकडे पाहिलं. मग म्हणाली, "ठक होतं."

"ठक का खट?"

"ठक. एकदाच. स्पीडब्रेकरवर चढताना नाही, उतरल्यावर गाडी दबते ना, तेव्हा. आणि गावाहून तांदळाचं पोतं आणलं होतं, तेव्हा सारखं होत होतं."

मिस्त्री हसले. "झालं की मग. वजनाचा आवाज हाय."

त्यांनी मला आईशेजारी मागे बसवलं आणि स्वतः गाडी चालवायला घेतली. गॅरेजपुढच्या गतिरोधकावरून गाडी उतरली आणि माझ्या पायाखाली, डावीकडे, ठक झालं. अगदी स्पष्ट. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बाहेर पाऊस बघत होती.

गॅरेजमध्ये लिफ्ट नव्हती, जमिनीत खणलेला खड्डा होता. गाडी त्याच्यावर उभी करून मिस्त्री खाली उतरले. आईला म्हणाले, "वहिनी, उतरू नका, बसा तशाच." त्यांनी एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक एकेका जागी टेकवून मूठ कानाला लावली आणि पोराला डिकी दाबायला सांगितली. दोन-तीन जागा झाल्या आणि मला हाक आली. खड्ड्यात वाकून टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर मागच्या ॲक्सलवर, सगळ्या गंजक्या काळ्या लोखंडात, रुपयाएवढा एक ठिपका चांदीसारखा चमकत होता. कोणीतरी महिनोन्‌महिने तिथेच एक-एक टोला मारला होता.

झालं होतं ते असं. या गाडीत सायलेन्सरची नळी मागच्या ॲक्सलच्या वरून जाते आणि रबराच्या कड्यांनी गाडीच्या तळाला टांगलेली असते. दोन रबरं चिरून लांब झाली होती, त्यामुळे नळी खाली आली होती. मागे कोणी बसलं की गाडीचा तळ आणखी खाली येतो, नळी आणि ॲक्सल यांच्यात बोटभरही अंतर उरत नाही, आणि गतिरोधकावरून उतरताना गाडी दबली की ठक. मागची सीट रिकामी असेल तर अंतर पुरतं, आवाज होत नाही. आणि लिफ्टवर? लिफ्ट गाडीला तळाखालून उचलते. चाकं खाली लोंबतात, त्यांच्याबरोबर ॲक्सलही खाली जातो, अंतर वाढतं, सगळं ठीक दिसतं. म्हणजे सर्व्हिस सेंटरमध्ये ज्या दोन पद्धतींनी तपासणी झाली, त्या दोन्हींमध्ये दोष दिसणं जवळजवळ अशक्य होतं. तपासणाऱ्यांनी कामचुकारपणा केला नव्हता. त्यांनी फक्त आईला वजा करून गाडी तपासली होती.

दोन रबरं आणि मजुरी मिळून साडेचारशे रुपये झाले. रात्री बाबांनी डायरीत लिहिलं: सायलेन्सर रबर, २ नग. तक्रार कोणाची, असा रकाना त्या डायरीत नाही.

माझी एक मैत्रीण संस्कृत शिकवते. तिला मी हा किस्सा फोनवर रंगवून सांगितला, नारळासकट. ती हसली आणि म्हणाली, अगं, हे तर योग्यानुपलब्धीचं उदाहरण झालं. मग पुढची वीस मिनिटं तिने मला जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते.

आपल्याकडच्या दर्शनांमध्ये जुना वाद आहे की एखादी गोष्ट 'नाही' हे आपल्याला कळतं कसं? समोर घडा आहे हे डोळ्यांना दिसतं. पण समोर घडा नाही, हे कशाने दिसतं? 'नाही'ला रंग नाही, आकार नाही. साधारण सातव्या शतकातला मीमांसक कुमारिल भट्ट आणि त्याची परंपरा म्हणते की 'नाही' कळण्याचं एक स्वतंत्र साधन मानायला हवं, त्याचं नाव अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं. पुढे अद्वैत वेदान्त्यांनीही ते उचललं. नैयायिकांना ते पटत नाही. ते म्हणतात वेगळं साधन कशाला, प्रत्यक्षानेच अभावही कळतो. पण भांडता भांडता एका मुद्द्यावर त्यांचं फारसं दुमत नाही: नुसतं न आढळणं पुरेसं नाही. 'इथे घडा असता तर मला दिसला असता' असं ज्या परिस्थितीत म्हणता येतं, त्याच परिस्थितीत 'दिसत नाही, म्हणून नाही' असं म्हणण्याचा अधिकार मिळतो. लख्ख उजेडात रिकामी जमीन पाहून घडा नाही म्हणता येईल. अंधाऱ्या खोलीत डोकावून म्हणता येणार नाही. तिथे फार तर एवढंच म्हणता येईल की मला दिसला नाही.

"मागची सीट रिकामी ठेवून तपासलेली गाडी म्हणजे अंधारी खोली," ती म्हणाली.

मी हसत होते, आणि मग माझं हसणं थांबलं. मला ती फाईल आठवली. तिच्यात जॉब कार्डाच्या मागे दुसरा कागद होता.

साधा ईसीजी काढताना माणूस पलंगावर शांत पडलेला असतो आणि त्या पट्टीवर जे उमटतं ते काही सेकंदांचं हृदय असतं. आई म्हणत होती की चढताना होतं आणि थांबलं की जातं. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा असला तरी निवांत पडलेल्या माणसाला मिळणारं रक्त पुरू शकतं, मागणी वाढली की ते कमी पडतं. म्हणून विश्रांतीतला ईसीजी नॉर्मल असणारे, पण चालताना छाती दडपणारे रुग्ण असतात, आणि म्हणूनच ट्रेडमिलवर चालवून काढायचा वेगळा ईसीजी असतो. हे काही गुप्त ज्ञान नाही. फाईल काढून पाहिली तर त्या डॉक्टरांनी खाली स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की चालताना त्रास सुरू राहिला तर पुन्हा दाखवा. आम्ही 'नॉर्मल' एवढाच शब्द वाचला होता.

पुढचं थोडक्यात सांगते. ट्रेडमिल पाचव्या मिनिटाला थांबवावा लागला. नंतर अँजिओग्राफी झाली, एका रक्तवाहिनीत स्टेंट घातला. आई आता बरी आहे, रोज चालते, आणि पथ्याच्या जेवणाला नावं ठेवते.

पण दवाखान्यातल्या त्या चार दिवसांत एका गोष्टीने मला नीट झोपू दिलं नाही. जॉब कार्डवर 'आवाज नाही' असं लिहिलेलं नव्हतं. 'आवाज आढळला नाही' असं होतं. डॉक्टरांनी 'काही नाही' असं म्हटलं नव्हतं. 'यात काही नाही, त्रास झाला तर या' असं म्हटलं होतं. दोन्ही कागद प्रामाणिक होते. 'आढळला नाही'चं 'नाही' झालं ते आमच्या हॉलमध्ये, सोफ्यावर, आणि ते बाबांनी आणि मी केलं. या दोन वाक्यांमध्ये एकाच क्रियापदाचा फरक आहे. ते गाळताना आम्हाला कसला प्रयत्नही पडला नाही, कारण ते गाळणं आमच्या सोयीचं होतं.

डब्ल्यू. के. क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली 'द एथिक्स ऑफ बिलीफ' हा निबंध लिहिला. त्याच्या सुरुवातीला एक जहाजमालक आहे. त्याचं जहाज जुनं झालंय, डागडुजीची गरज आहे, हे त्याला जाणवतं. पण तो स्वतःला समजावतो की इतक्या सफरी झाल्या, हीही होईल. हळूहळू त्याचा खरोखरच विश्वास बसतो, आणि तो स्थलांतरितांनी भरलेलं जहाज निर्धास्त मनाने रवाना करतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास खरा होता म्हणून तो सुटत नाही, कारण तो विश्वास त्याने तपासून नाही तर शंका दाबून कमावला होता. यापुढची पायरी मला जास्त टोचते: जहाज सुखरूप पोचलं असतं तरी मालक तितकाच दोषी राहिला असता. फक्त तो पकडला गेला नसता.

ही पायरी आमच्या गोष्टीला लावून बघा. समजा खड्ड्यात तो चमकता ठिपका सापडलाच नसता. समजा ट्रेडमिलवर आई दहा मिनिटं मजेत चालली असती. तर हा लेख मी लिहिला नसता, आणि बाबा आजही नारळाची गोष्ट पाहुण्यांना सांगत असते. आई खरी ठरली हा योगायोग आहे. आमची चूक मात्र ती खरी ठरण्याच्या कितीतरी आधी, गाण्याचं बटण फिरलं तेव्हाच पुरी झाली होती. क्लिफर्डचं सगळंच मला पटतं असं नाही. पुराव्याशिवाय कशावरच कधीच विश्वास ठेवायचा नाही म्हटलं तर सकाळचा चहासुद्धा पिता येणार नाही. पण शंका दाबून मिळवलेली निश्चिंती ही चोरीची असते, एवढं मला आता नाकारता येत नाही.

हे सगळं मी बाबांसमोर मांडलं तेव्हा ते चिडले. आणि त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. ते म्हणाले, "मग काय प्रत्येक आवाजामागे धावायचं? काउंटरवर बसायचो तेव्हा आठवड्यातून एक तरी जण म्हणायचा, पैसे कमी आले. बहुतेक वेळा मोजायला त्याचंच चुकलेलं असायचं. सगळ्यांचं खरं मानलं असतं तर बँक बुडाली असती."

"मग तुम्ही काय करायचात?"

"काय करणार. पुन्हा मोजायचो. त्याच्यासमोर."

आम्ही दोघंही गप्प बसलो. मग त्यांनी उगाच पेपर उघडला.

त्याच्यासमोर पुन्हा मोजायचं. विश्वास ठेवायचा का नाही हा प्रश्नच त्यात येत नाही. आईचा प्रत्येक शब्द खरा मानावा असं मी म्हणत नाही. ती व्हॉट्सॲपवरचे काढे आम्हाला पाजते तेव्हा तर मुळीच नाही. पण ज्या जागेवरून तक्रार आली त्या जागेवर जाऊन बसायला आईवर विश्वास असायची गरज नव्हती. एक दार उघडून मागे बसायचं होतं. आठ महिने, तीन जण, एक गाडी. आणि तेवढं कोणी केलं नाही.

का केलं नाही, याचं माझं उत्तर फार चांगलं नाही. काउंटरपलीकडचा माणूस परका असतो. तो वर तक्रार करू शकतो, दुसऱ्या बँकेत जाऊ शकतो. माझा ग्राहक ॲपला एक स्टार देऊ शकतो. म्हणून त्यांच्यासमोर आपण पुन्हा मोजतो. आई एक स्टार देत नाही. घरातल्या माणसाचं न ऐकण्याची काही किंमत पडत नाही, निदान लगेच पडत नाही. जिथे प्रेम सगळ्यात जास्त आहे असं आपण समजतो, तिथेच आपण सगळ्यात ढिसाळपणे ऐकतो, आणि त्यालाही पुन्हा आपण आपलेपणाच म्हणतो.

१८१६ साली पॅरिसमध्ये रेने लाएनेक नावाच्या डॉक्टरांकडे हृदयाचा त्रास असलेली एक तरुण बाई आली. छातीला कान लावून ऐकायची पद्धत होती, पण तिच्या बाबतीत ते त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची एक गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीला आणि एक स्वतःच्या कानाला लावलं, आणि थेट कान लावून यायचा त्याहून स्पष्ट आवाज आला. स्टेथोस्कोपची सुरुवात ही अशी आहे. दवाखान्यात डॉक्टर आईला तपासत होते तेव्हा मला मिस्त्रींचा स्क्रू ड्रायव्हर आठवत होता. काम तेच: जिथे आवाज आहे तिथे एक टोक टेकवायचं.

घरी आल्यावर एकदा भाजी निवडताना मी आईला विचारलं, "तू सांगायची का थांबलीस?"

"रोज रोज काय सांगायचं? तुम्ही दोनदा तपासून आणलं होतंत ना."

"पण तुला तर ऐकू येत होतं."

ती मेथीची पानं खुडत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं माझ्याच कानात काहीतरी असेल."

तीस वर्षं सुईच्या आवाजावरून सुई ओळखणारी बाई. तिला आम्ही कागद दाखवून दाखवून स्वतःच्या कानाबद्दल साशंक केलं होतं. छातीचं तिने विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "आणि ते दुसरं, म्हटलं वय झालं." त्या दुपारी मला काही बोलता आलं नाही. मी माफी मागितली असं लिहायला मला आवडलं असतं. मी उरलेली जुडी ओढून घेतली आणि निवडत बसले.

गेल्या महिन्यात आई-बाबांना पुण्याला आणायचं होतं. बाबा म्हणाले, मी चालवतो. मी आईला पुढे बसवलं. दहा मिनिटं तिची कुरकुर चालली होती, पुढे ऊन लागतं, पट्टा गळ्याला टोचतो, सगळ्या गाड्या अंगावर येतायत असं वाटतं. मग ती रमली. मी मागे, डाव्या बाजूला, तिच्या जागेवर, मांडीवर तिची पिशवी घेऊन. इतक्या वर्षांत मी त्या सीटवर मोठी होऊन कधी बसलेच नव्हते. तिथून रस्ता दिसत नाही, पुढच्या दोघांची डोकी दिसतात. पुढचं बोलणं अर्धंच ऐकू येतं, आणि आपण काही बोललो तर ते पुढे पोचायला जरा जास्त आवाज काढावा लागतो.

खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो. बोगद्यात भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे गाडीचं एरवी न ऐकू येणारंही ऐकू येतं. माझ्या डाव्या कानाशी, दाराच्या वरच्या कोपऱ्यातून, सूंऽऽ असा एक बारीक आवाज येत होता. मी मान वळवून पाहिली. काचेवर हात ठेवला तर जरा कमी झाला, काढला की पुन्हा सुरू.

"मागून काहीतरी वाजतंय," मी म्हणाले.

बाबांनी लगेच हात पुढे करून रेडिओ बंद केला.

आई मागे न वळताच म्हणाली, "काही नाही गं. वारा असेल."